म्हातारी विसरते, की गाव तिला विसरतं?

असोद्याला बायकांच्या एका बैठकीत निराधार योजनेचे अर्ज भरायचं काम चाललं होतं. आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पुस्तक अशी जुळवाजुळव सुरू होती. एक सून आपल्या आत्याबाईंना हाताला धरून घेऊन आली. वय विचारलं, म्हातारी गप्प. मुलं किती विचारलं, तरी गप्प. सून हळूच म्हणाली, "तिले आता काही ध्यानात राहत नही. चळ लागला." बाकीच्या बायांनी माना हलवल्या. प्रत्येकीच्या घरात किंवा गल्लीत अशी एक म्हातारी होतीच.

काम संपत आलं तसा कुणीतरी बिबड्यांचा विषय काढला. उन्हाळा तोंडावर होता. आणि तीच म्हातारी बोलायला लागली. ज्वारी किती दिवस भिजत घालायची, घाटा कसा शिजवायचा, ओल्या फडक्यावर कसा थापायचा, गल्लीतल्या कोणकोणत्या घरच्या बाया मदतीला यायच्या, कुणाचा हात हलका होता, कुणाचा जड. सगळं क्रमानं. दहा मिनिटं ती बोलत होती आणि आम्ही ऐकत होतो. मग सून म्हणाली, चला, आता गाडी येईल. म्हातारी पुन्हा गप्प झाली.

डॉक्टर म्हणतील, यात नवल नाही. जुनं आठवणं आणि ताजं पुसलं जाणं हेच स्मृतिभ्रंशाचं लक्षण आहे. ते खरं आहे. बिबड्यांच्या गप्पांनी आजार बरा होत नाही. पण सुनेकडून पुढं जे कळलं ते मात्र डोक्यातून जात नाही. म्हातारीला तीन मुलगे. एक गावात, एक जळगावच्या फ्लॅटमध्ये, एक सुरतेला. बाप गेल्यावर मुलांनी जमीन वाटली आणि आईची पाळी लावली. महिना इथं, महिना तिथं. दर महिन्याला नवं अंथरूण, नवी मोरी, नवा जिना, नवे शेजारी. "तिचं डोकं गेलं" असं आपण म्हणतो तेव्हा तिचं आणखी काय काय गेलं, हे आपण कधी विचारलंय का?

हा प्रश्न म्हातारपणाच्या दुखण्यांचा आहे, तो दवाखान्यानं बघावा, असं आपल्या चळवळीनंही बरीच वर्षं मानलं. आपण हुंड्यावर बोललो, मारहाणीवर बोललो, रेशनवर, रोजगार हमीवर, पाण्यावर बोललो. त्या मोर्चांतल्या तरुण बाया आज सत्तरीत आहेत. त्यांची बुद्धी शाबूत राहणार की नाही हा स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आधी आकडे बघू. देशभरातल्या साठीपुढच्या लोकांची पाहणी करून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की भारतात साठीच्या पुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. पुरुषांमध्ये हे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास, तर बायकांमध्ये शेकडा नऊ. शहरात शेकडा पाच, तर खेड्यात शेकडा आठच्या वर. शिक्षण जितकं कमी तितकं प्रमाण जास्त. म्हणजे बाई, खेड्यातली आणि शाळेत न गेलेली, या तिन्ही गोष्टी एकीत आल्या की धोका वाढत जातो. आणि या तिन्ही गोष्टी एकत्र आलेली बाई आपल्याकडे शोधावी लागत नाही. सत्तरीची खानदेशी आजी म्हटलं की बहुधा तीच.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शाळा न शिकलेली बाई म्हणजे बुद्धीनं कमी बाई नव्हे. असोद्यात बसून तरी हे बोलूच नये. याच गावात १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीतच वैधव्य आलं. घरोटावर दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचत गेल्या. त्यांतल्या काही मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि त्यानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्यांचं पुस्तक निघालं. २०१८ पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. जिला शाळेचा उंबरठा दिसला नाही, तिच्या नावाचं विद्यापीठ!

पण बहिणाबाईंचं कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. ही कविता एकटीनं खोलीत बसून झालेली नाही. दळण, शेत, विहीर, सण, माहेरची वाट, पीकपाणी, पाखरं, गावातली माणसं यांतून ती आली. बाईची बुद्धी रोज वापरली जाईल असा तो परिसर होता. आणि ऐकणारं माणूस जवळ होतं.

मेंदूचा अभ्यास करणारे सांगतात की आयुष्यभर डोक्याला जे काम मिळतं त्याची एक शिल्लक साठत जाते. पुढं मेंदूला आजार झाला तरी ही शिल्लक असलेला माणूस जास्त काळ तग धरतो. शाळा हे शिल्लक साठवण्याचं मोठं साधन, आणि तेच आपल्या आयांना नाकारलं गेलं. त्यांनी मग ती शिल्लक दुसरीकडून जमवली. बाजारहाटाचा तोंडी हिशोब, कोणत्या शेतात काय पेरलं याची याद, सोयरिकीचे धागे, आखाजीची आणि कानबाईची गाणी, बाळंतिणीची औषधं. हे ज्ञान बायकांच्या कानातून बायकांच्या तोंडात जात होतं. म्हणजे ओटा हीच त्यांची शाळा आणि गल्ली हेच त्यांचं वाचनालय. ते बंद झालं की उतारवयात त्यांच्या हाती काय उरतं?

परिसराचा आणि बुद्धीचा असा संबंध लावणं हा केवळ माझा भाबडेपणा नाही. अमेरिकेत मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतल्या वृद्धांचा एक मोठा अभ्यास झाला. टेक्सास, कॅलिफोर्निया अशा पाच राज्यांतल्या ६५ वर्षांपुढच्या सुमारे तीन हजार माणसांना १९९३-९४ पासून वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा भेटून त्यांची स्मरणशक्ती तपासली गेली. बहुतेक कष्टकरी, शाळा थोडी शिकलेले, घरात स्पॅनिश बोलणारे. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. ज्या वस्त्या गरीब आणि उपेक्षित होत्या तिथल्या म्हाताऱ्यांची बुद्धी लवकर ढासळत होती. आणि ज्या वस्त्यांमध्ये आपल्याच भाषेची, आपल्याच मुलखाची माणसं जास्त होती तिथं ती ढासळण्याचा वेग कमी होता.

या दोन गोष्टी खानदेशात आणून बघा. पहिली सांगते की नुसती मायेची माणसं असून भागत नाही, वस्तीला रस्ता, दिवा, पाणी, दवाखाना लागतो. दुसरी सांगते की नुसता फ्लॅट आणि लिफ्ट असूनही भागत नाही, आपली भाषा बोलणारं माणूस लागतं. असोद्याची लेवा बोली बोलणारी आजी पुण्याच्या सोसायटीत जाते तेव्हा तिची वाक्यं ऐकून नातवंडं हसतात. मग ती बोलणं कमी करते. पुढं बंद करते. सहा महिन्यांनी घरचे म्हणतात, आजी हल्ली फार शांत झाली. शांत झाली की तिला गप्प केलं?

आता गावातल्या गल्लीकडेही डोळे उघडून बघू. धाब्याच्या घरांच्या जागी स्लॅबची घरं आली. उन्हाळ्यात धाब्यावर पाच घरांच्या बाया-पोरं निजायची, ते गेलं. रस्ता सिमेंटचा झाला आणि दर वेळी नवा थर टाकून उंच होत गेला. जुना ओटा खाली गेला, किंवा गटारीसाठी आणि मोटारसायकलीसाठी तोडला गेला. दारं बंद झाली, आत टीव्ही लागला. गिरणी आली, मिक्सर आला, घरात नळ आला. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पहाटे तीनला उठून दळायला पुन्हा कोणी सांगितलं तर आपण ऐकून घेणार नाही. बाईच्या पाठीचा आणि मनगटांचा त्यात चुरा झाला. पण गिरणी आल्यानं वाचलेला वेळ बाईला मिळाला का, आणि एकत्र बसण्याची जी जागा गेली तिच्या बदल्यात दुसरी जागा मिळाली का? पुरुषांना मिळाली. चौकातला पार, पानटपरी, देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीची पायरी त्यांच्याकडेच राहिली. बायकांचं एकत्र येणं कामाच्या निमित्तानंच मान्य होतं. काम गेलं तसं निमित्त गेलं, आणि निमित्ताशिवाय बाहेर बसलेली बाई आजही गावाला चालत नाही. म्हातारी झाली तरी!

आणि जुनी गल्ली सगळ्यांची नव्हती, हेही कबूल करू. विधवेला हळदीकुंकवात जागा नव्हती. दलित वस्ती गावाच्या कडेला, भिल्लांची त्याहून पलीकडे. तिथली म्हातारी मोठ्या वाड्याच्या ओट्यावर बसू शकत नव्हती. सातपुड्याच्या पट्ट्यात तर एकट्या राहणाऱ्या, स्वतःशी बोलणाऱ्या, वेळीअवेळी फिरणाऱ्या म्हातारीला डाकीण ठरवण्यापर्यंत मजल गेली आहे. नंदुरबारच्या कार्यकर्त्यांना हे नवीन नाही. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण विसरणं हे आजाराचं लक्षण असू शकतं ही साधी माहिती अजून पाड्यावर पोचलेली नाही. तेव्हा जुनी गल्ली जशीच्या तशी परत आणा असं आपलं म्हणणं नाही. जी गल्ली काहींनाच होती ती सगळ्या म्हाताऱ्या बायकांची व्हावी, असं आहे.

परिसर डोक्यावर नेमका कसा परिणाम करतो, हे कार्यकर्तीला सांगता आलं पाहिजे. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची चौदा टाळता येण्यासारखी कारणं मांडली. कमी शिक्षण, ऐकू न येणं, दृष्टी अधू होणं, रक्तदाब, मधुमेह, उदासी, एकटेपणा, हालचाल नसणं, प्रदूषित हवा, डोक्याला मार लागणं ही त्यांतली काही. आयोगाचा हिशोब असा की या सगळ्यांवर उपाय झाला तर जवळजवळ ४५ टक्के आजार टाळता किंवा लांबवता येईल. ही यादी गल्लीत उभं राहून वाचा. मोतीबिंदू काढायला कोणी नेत नाही. कानयंत्र महाग. रस्त्यावर खड्डे म्हणून पडायची भीती, म्हणून घराबाहेर पडणं बंद. चूल आयुष्यभर फुंकलेली. रक्तदाबाची गोळी महिना संपायच्या आत संपलेली, आणि आणायला कोणाला वेळ नाही.

आणखी एक गोष्ट आपण बायकाच बायकांना विचारू शकतो. शौचालय लांब असेल, रात्री अंधार असेल तर म्हातारी पाणीच कमी पिते. जळगावच्या एप्रिल-मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना! शरीरातलं पाणी कमी होतं, लघवीला जंतूंचा त्रास होतो, आणि एक दिवस ती अचानक असंबद्ध बोलू लागते. घरचे म्हणतात, चळ लागला, किंवा बाहेरचं झालं. खरं तर हा तातडीनं दवाखान्यात न्यायचा आणि बरा होऊ शकणारा त्रास असतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडणं, थायरॉइड, मनाची उदासी यांनीही विसरायला होतं, आणि त्यांवर औषध आहे. सगळं विसरणं म्हातारपणाचं नसतं. पण तपासायला कोणी नेलं तर!

नेलं तरी तिथं काय विचारतात? आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा, ही आकृती काढा. जिनं जन्मात पेन्सिल धरली नाही ती नापासच होणार. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत १९९०च्या दशकात अभ्यास झाला तेव्हा संशोधकांनी निरक्षर माणसांसाठी हे प्रश्न बदलून घेतले होते. म्हणजे ते करता येतं. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात आजीला आखाजी कधी येते, कानबाई कोणत्या महिन्यात बसते, असं तिच्या बोलीत विचारायला काय हरकत आहे?

आता पाळीकडे येते, कारण मला खरा अन्याय तिथं दिसतो. आईला महिन्या-महिन्यानं फिरवणं हे मुलांच्या समान जबाबदारीचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. ज्याची स्मृती पातळ होते आहे त्या माणसाला ओळखीची जागा ही काठीसारखी असते. मोरी कुठं, देव कुठं, दिवा कुठं लावायचा, हे पायांना माहीत असतं. दर महिन्याला ती काठी आपण काढून घेतो आणि वर म्हणतो, आई गोंधळते. बाप जिवंत असताना त्याची अशी पाळी सहसा लागत नाही, कारण घर त्याच्या नावावर असतं. म्हणजे पुन्हा मुद्दा मालकीचाच.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला मुलामुलींच्या बरोबरीचा वाटा दिला आहे. वाटणीच्या दिवशी तलाठ्याकडे तिचा अंगठा कशावर घेतला जातो, हे आपण किती वेळा बघायला जातो? हक्कसोड लिहून दिलेली आई उद्या मुलांच्या दारात पाहुणी असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, तो फक्त सुनेसाठी नाही, आईसाठीही आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं प्रांताधिकाऱ्यासमोर पोटगी मागता येते. हे कायदे आपण पोटगीपुरते वापरले. आता त्यातून आणखी एक मागणी पुढं आणू या: म्हाताऱ्या बाईला तिच्या घरात, तिच्या गल्लीत राहण्याचा हक्क. मुलांनी पाळी लावायचीच असेल तर स्वतःची लावावी. आईनं जागेवर राहावं, मुलांनी आळीपाळीनं यावं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गावात राहिली तर सांभाळणार कोण? गावातलीच सून. सांभाळ या शब्दातला सगळा भार एका बाईच्या डोक्यावरून दुसऱ्या बाईच्या डोक्यावर जातो. विसरणाऱ्या माणसाला सांभाळणं हे रात्रंदिवसाचं काम आहे. तीच गोष्ट पन्नास वेळा सांगायची, दार लावून ठेवायचं, अंथरूण धुवायचं. त्या बैठकीतली सून अर्ज भरायला आली होती ती मजुरी बुडवून. तिला कोण विचारतं? म्हणूनच गल्लीचा प्रश्न सासू-सुनेच्या भांडणात बुडू देता कामा नये. दिवसातले चार तास म्हाताऱ्या बायकांना बसायला गावात जागा असेल, लक्ष ठेवायला पगारी बाई असेल, तर सासूला सोबत मिळेल आणि सुनेला श्वास.

मैत्रिणींनो, हे अशक्य नाही. साधनं आपल्या हातात आहेत, ती या कामाला लावायची आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात कायद्यानं बंधनकारक आहे. त्या सभेत म्हाताऱ्या बायका येतील असं बघू, आणि ओटे, बाक, दिवे, घराजवळचं शौचालय हे विषय लिहून घ्यायला लावू. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आहेत. त्यातून शिलाई मशीनच्या पलीकडेही काही होऊ शकतं. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेचे महिना १५०० रुपये (२०२३ साली वाढवलेले) वेळेवर येतात का, यावर पहारा ठेवू. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेनं वयाची अट ६५ वर ठेवली, जणू त्यापुढं बाई बहीण राहत नाही! त्याच वर्षीच्या वयोश्री योजनेत चष्मा, कानयंत्र, काठीसाठी ३००० रुपये आहेत, ते पोचले का विचारू. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, पंचाहत्तरीपुढं ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. माहेरी जाऊन आलेली, बहिणीला भेटून आलेली म्हातारी आठ दिवस ताजी बोलते, हे आपण पाहतोच. तेव्हा गावाची एसटी फेरी बंद झाली तर तो मोर्चा काढण्याचा विषय आहे.

आणि एक काम कोणत्याही योजनेशिवाय करता येईल. महिन्यातून एकदा आपल्या गटाची बैठक कुठल्यातरी आजीच्या ओट्यावर घ्या. हिशोब झाला की त्यांना बोलू द्या. बिबडे, आखाजी, दुष्काळ, बाळंतपणं, काय वाटेल ते. आशाताईला बोलवा, रक्तदाब मोजून घ्या. जी गेल्या महिन्यात आली होती आणि या महिन्यात आली नाही, तिच्या घरी जा. बहिणाबाईंचं ऐकून कोणीतरी लिहून घेतलं म्हणून त्या आपल्याला कळल्या. न लिहिलेल्या अशा कितीजणी आपल्या गल्ल्यांतून गप्प होऊन गेल्या, त्याची मोजदाद नाही.

त्या दिवशी अर्जावर त्या म्हातारीचं वय आम्ही आधार कार्डावरून लिहिलं. पत्ता विचारला तेव्हा सुनेनं या महिन्यात ज्या मुलाकडे पाळी होती तिथला सांगितला. म्हातारीनं एकदम मान वर केली आणि आपल्या जुन्या गल्लीचं नाव घेतलं. अर्जात तो रकाना एकच होता. आम्ही सुनेनं सांगितलेला पत्ता लिहिला. आज वाटतं, तिथं तरी तिचं ऐकायला हवं होतं.